नऊवारीचं ऑनलाइन दुकान आणि एका अक्षराचा घोळ

ऑनलाइन दुकान काढणं हे शनिवार-रविवारचं काम आहे, असं सांगणारे मला बरेच भेटले. खोटं नाही ते. दुकान खरंच पटकन उभं राहतं. फक्त त्यात पैसे घेता येत नाहीत!

आमचं काम शिवलेल्या नऊवारीचं. ठाण्यात, पाचपाखाडीला, घरातल्याच एका खोलीत मशिनी मांडल्यात. शिवायला कारागीर, कटिंगला मी. गोखले रोडवरच्या गाळ्याची भाडी ऐकूनच गप्प बसले होते. पाडव्याच्या स्वागतयात्रेआधी आणि पुढे मंगळागौर-गणपतीला जेवायला फुरसत नसते, मधल्या महिन्यांत मशिनींवर चादर. म्हणून भाची मागे लागली, "मावशी, वेबसाइट काढ, ठाण्याबाहेरच्या बायका पण मागतात." तिनेच तयार दुकान देणाऱ्या एका सेवेवर सगळं मांडून दिलं. फोटो, भाव, पेशवाई-मस्तानी-ब्राह्मणी असे प्रकार, सगळं झटपट झालं.

मग आला पेमेंट गेटवे. गिऱ्हाइकाने कार्डाने किंवा यूपीआयने दिलेले पैसे आधी या कंपनीकडे जातात आणि तिथून आपल्या खात्यात. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही हेच झालं असतं असं आता वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे या कंपन्यांना दुकानदाराची पार्श्वभूमी तपासावी लागते. माल परत घेणार की नाही, पैसे किती दिवसांत परत देणार, हेही साइटवर स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ते मी लिहिलं. मापाने शिवलेली साडी परत घेत नाही, पण आमच्या शिवणात खोट असेल तर दुरुस्त करून देऊ, येण्याजाण्याचा खर्च आमचा. हे पान पहिल्याच फेरीत पास झालं.

अडकलं ते नाव.

पॅन माझ्या नावावर, कारण मालकी माझी एकटीची. करंट खातं दुकानाच्या नावावर. गेटवेवाले खातं तपासायला एक रुपया पाठवतात आणि बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं. पासबुकात तो रुपया दिसला तेव्हा मी चक्क खूश झाले होते! परत आलेलं नाव दुकानाचं, पॅनवरचं नाव माझं, आणि त्यांच्या मशिनीला ही दोन माणसं वाटली. अर्ज नामंजूर, कारण 'नाव जुळत नाही'. एकल मालकीत हे असंच असतं, हे त्या मशिनीला कोणी शिकवलं नसावं.

उत्तर आलं की मालक आणि दुकान एकच असल्याचा पुरावा द्या. मी उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र दिलं. ते परत. जीएसटीचं दिलं, ज्यावर माझं कायदेशीर नाव आणि दुकानाचं नाव एकाखाली एक छापलेलं असतं. तेही परत! आता का? तर आमच्या दुकानाच्या नावात 'नऊवारी' आहे. इंग्रजीत लिहिताना बँकेतल्या बाईंनी मधे डब्ल्यू घातला, उद्यम भरून देणाऱ्या मुलाने व्ही, आणि सीएच्या ऑफिसात दोन व्ही. मराठी माणसाला तिन्ही बरोबरच वाटणार. मशिनीच्या लेखी ही तीन वेगवेगळी दुकानं.

त्यात तक्रार करायची ती कोणाकडे? फोन नंबर नाहीच. चॅटवर 'प्रिय व्यापारी' म्हणून एक ठरावीक मजकूर यायचा, 'कृपया वैध कागदपत्र अपलोड करा', आणि मी उत्तर टाईप करेपर्यंत तक्रार 'निकाली' म्हणून बंद. पुन्हा नवी तक्रार, पुन्हा पहिल्यापासून रामायण. एका पोराने तर दुकानाचं नावच बदलून बघा असं सुचवलं. अरे, पिशव्या छापून झाल्यात माझ्या! तोवर ऑर्डर आली की व्हॉट्सअॅपवर क्यूआर पाठवायचा, बाई स्क्रीनशॉट पाठवणार, मग मी बँकेचं अॅप उघडून पैसे खरंच आलेत का ते बघणार. स्क्रीनशॉटवर विसंबून माल कधीही पाठवू नका, हे इथेच सांगून ठेवते. पैसे खात्यात दिसले तरच आले.

सुटलं कसं ते सांगते, कारण हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. पहिलं, बँकेच्या शाखेत जाऊन लेटरहेडवर सहीशिक्क्याचं पत्र घेतलं: अमुक नावाच्या खात्याची प्रोप्रायटर अमुक, पॅन अमुक. पत्रात नाव खात्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. दुसरं, उद्यमची दुरुस्ती. उद्यमच्या सरकारी साइटवर आधारच्या ओटीपीने ती स्वतः करता येते आणि फुकट असते. पैसे मागणाऱ्या खासगी साइट सरकारीसारख्याच दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा. नाव बँकेसारखं करून घेतलं. तिसरं, आणि हेच खरं कामाला आलं: गेटवे कंपनीला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमून त्याची माहिती जाहीर करावीच लागते. वेबसाइटच्या तळाशी, बारीक अक्षरात, पण असते. त्या ईमेलवर दोन्ही कागद आणि आधीच्या बंद केलेल्या तक्रारींचे नंबर एकत्र पाठवले. या वेळी उत्तर माणसाने लिहिलेलं होतं. खातं सुरू झालं. त्या रात्री मी भाचीला फोन करून जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून कोणी नवीन दुकान काढत असेल तर माझं एकच मागणं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बँक, उद्यम, सीए, सगळ्यांना तोच कागद दाखवा.

गंमत अशी की या घोळाचा पुढे फायदाही झाला. बायका गूगलवरही या तिन्ही स्पेलिंगनी शोधतात. आता प्रत्येक साडीच्या वर्णनात तिन्ही घालते, शिवाय देवनागरीत 'शिवलेली नऊवारी' वेगळं. शोधून येणारी गिऱ्हाइकं तेव्हापासून वाढली.

जीएसटीचं राहिलंच. राज्यातल्या राज्यात माल विकला तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतून मागणी येते, आणि करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटलं की पहिल्याच साडीपासून नोंदणी हवी. कराचे दर सप्टेंबर २०२५ पासून बदललेत. तयार कपडा २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. त्यामुळे खणाची साधी नऊवारी आणि जरीची पेशवाई यांच्या भावात आता चांगलीच दरी पडते.

मापं हा वेगळाच विषय. 'मीडियम' म्हणून साडी पाठवली की काष्टा ओढला जातो किंवा ओचा लोंबतो. आम्ही कंबर, सीट (कंबरेखालचा घेर) आणि कंबरेपासून टाचेपर्यंतची उंची मागतो, आणि टेप कुठे धरायची याचा छोटा व्हिडिओ ऑर्डरबरोबर जातो. उंची चप्पल घालून घ्यायची की अनवाणी, हे व्हिडिओत सांगायला लागल्यापासून दुरुस्तीला येणाऱ्या साड्या कमी झाल्या. मापाच्या साडीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलेली नाही. कुरिअरवाला दारात गेला आणि बाई घरी नसली, तर ती साडी दुसऱ्या कुणाच्याच अंगाची नसते. लहान मुलींच्या ठरावीक मापांना मात्र चालू ठेवली आहे, ती परत आली तरी पाडव्याला जाते.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि गेटवेचं खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर घ्या. भाचीच्या नंबरवर ओटीपी जायचा आणि ती लेक्चरला बसलेली असायची.