तुम्ही विचारलंत म्हणून: वाटाण्याची पावडर की बीपीची गोळी?

औषधशास्त्र शिकवते म्हटलं की ओळखीपाळखीतलं कुणीतरी हटकून विचारतं, "मॅडम, वाटाण्याच्या प्रोटीनमधल्या पेप्टाइडांनी बीपी उतरतं म्हणे. पावडर चालू करून गोळी बंद केली तर?"

गोळी बंद करू नका. बाकीचं आता निवांत सांगते.

आपल्या शरीरात एसीई नावाचं एन्झाइम असतं. अँजिओटेन्सिन-१ ही दहा अमिनो आम्लांची साखळी. तिच्या टोकाची दोन आम्लं हे एन्झाइम कापून टाकतं. उरलेल्या आठांचं अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी चढतं. सोयाबीन, वाटाणा, मूग यांचं प्रोटीन पचताना जे बारीक तुकडे पडतात, ती पेप्टाइडं. त्यांतली काही या एन्झाइमला अडकवून ठेवतात. परीक्षानळीत हे दिसतं, त्यात खोटं काही नाही.

गंमत म्हणजे बीपीच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणं पेप्टाइडांतूनच निघालं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात सापडलेलं टेप्रोटाइड नावाचं पेप्टाइड बीपी उतरवायचं, पण फक्त इंजेक्शननं. पोटात गेलं की त्याचा निकाल लागायचा. म्हणून स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी पचनाला पुरून उरेल असा छोटा रेणू घडवला: कॅप्टोप्रिल. १९८१मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. वाटाण्याच्या पेप्टाइडांपुढेही तीच अडचण आहे. जठर-आतडं ओलांडून रक्तात पोचेपर्यंत त्यांतली शाबूत किती राहणार? त्यात एसीईवरची त्यांची पकड कॅप्टोप्रिलपेक्षा बहुधा शेकडो-हजारो पटींनी ढिली.

मग डाळी-उसळी फुकट? छे! जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ४,६८० लोकांच्या इंटरमॅप अभ्यासात (२००६) वनस्पतिज प्रोटीन जास्त खाणाऱ्यांचं बीपी थोडं कमी आढळलं. ते पेप्टाइडांमुळे, की डाळींतल्या पोटॅशियम, मॅग्नेशियम, फायबरमुळे? मला विचाराल तर सगळ्या ताटामुळे.

पावडर घेणारच असाल तर डब्यामागचं लेबल वाचा. वाटाण्याचं प्रोटीन अल्कलीत विरघळवून काढतात, आम्ल घालून साकळवतात, मग आंबटपणा मारायला बहुतेकदा सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. ते सोडियम पावडरीत राहतं. म्हणजे बीपीसाठी घ्यायची पावडर, आणि पोटात जायचं सोडियम! (उसळीवर फरसाण आणि शेजारी लोणचं-पापड घेणाऱ्यांनी फार हसू नये.)

आणि किडनीचा त्रास असून रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी कॅप्टोप्रिलच्याच घराण्यातली गोळी चालू असेल, तर डाळी वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि डाळींत ते भरपूर असतं.