प्रोखोरोव्हका मॉड, नोंद ७: पँथर काढला, शिव्या खाल्ल्या

नव्यांसाठी: हा मॉड म्हणजे गेममध्ये आपण स्वतः केलेला बदल, दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतल्या प्रोखोरोव्हकाच्या टँक-झुंजीवरचा. मागच्या नोंदीला दोन महिने होऊन गेले. मॅप जवळपास तसाच आहे, पण गाड्यांचा (म्हणजे टँकचा) तक्ता मी तिसऱ्यांदा पुसून नव्याने मांडलाय. तक्त्याच्या डोक्यावर 'जर्मनी' आणि 'सोव्हिएत' असे दोन रकाने होते, आणि इतके दिवस आपण जी भांडणं केली ती सगळी त्या दोन शब्दांमुळेच, असं आता माझं ठाम मत झालंय.

'जर्मनी' म्हटलं की खेळणाऱ्याला हव्या असतात टायगर, पँथर, फर्डिनांड अशा जाड चिलखताच्या गाड्या. मग 'सोव्हिएत' खेळणारा म्हणतो, आम्हाला टी-३४-८५ (मोठ्या ८५ मिमी तोफेचा टी-३४) द्या, नाहीतर अन्याय आहे. आपला सामना कधीचा? १२ जुलै १९४३. टी-३४-८५ आघाडीवर यायला १९४४ उजाडलं. फर्डिनांड कुर्स्कला होती, पण उत्तरेच्या बाजूला, पोनिरीकडे. पँथर दक्षिणेला होते, सुमारे २०० गाड्या, पण ग्रोसडॉइचलांड डिव्हिजनच्या जोडीला. प्रोखोरोव्हकासमोर जो दुसरा एसएस पँझर कोअर होता, त्याच्याकडे त्या दिवशी एकही पँथर नव्हता. थोडक्यात, ज्या गाड्यांवरून आपण रात्र रात्र वाद घातले, त्यातली टायगर सोडून एकही त्या शेतात नव्हती!

म्हणून आता रकान्यांची नावं अशी: 'लाइबस्टांडार्ट, १२ जुलै सकाळ' (ही त्याच एसएस कोअरची एक डिव्हिजन) आणि 'सोव्हिएत २९ वा टँक कोअर, १२ जुलै सकाळ'. तुकडी आणि तारीख. देश हे मापच मी टाकून दिलं. एकदा तुकडी पक्की झाली की तक्ता निम्मा आपोआप भरतो: एका बाजूला मुख्यतः लांब नळीच्या ७५ मिमी तोफेचे पँझर ४, थोडे पँझर ३ आणि चालू स्थितीतले बोटांवर मोजण्याइतके टायगर. दुसरीकडे टी-३४, आणि ज्याची कुणालाच आठवण नसते तो छोटा टी-७०. तोही नावापुरता नाही, चांगला मोठ्या संख्येने.

पँथर काढल्याचं सांगितल्यावर दोघांनी मॉड सोडण्याची धमकी दिली. एक गेला. दुसरा अजून आहे, रोज कुरकुरतो.

जोड्या लावण्याचा जुना उपाय

याआधी मीही तोच सोपा उपाय केला होता, जोड्या लावायच्या. बॅटलफील्ड १९४२ मध्ये, म्हणजे २००२ सालच्या त्या जुन्या गेममध्ये, टायगरसमोर टी-३४-८५ आणि पँझर ४ समोर टी-३४ असा हिशोब होता. रंग वेगळा, आवाज वेगळा, ताकद साधारण तेवढीच. खेळायला मजा यायची, नाही म्हणत नाही. वॉर थंडर या गेमचा मार्ग निराळा. तिथे प्रत्येक गाडीला रेटिंग असतं आणि ते ठरतं खेळाडू त्या गाडीत काय कामगिरी करतात त्यावरून, गाडीच्या सालावरून नाही. स्क्वाड नावाच्या गेममध्ये गाडी गमावली की बाजूची तिकिटं, म्हणजे सामन्यातले शिल्लक गुण, कापली जातात, महाग गाडीला जास्त. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात पटतो, कारण त्यात गाडीला हात लावावा लागत नाही. आपण तिकिटं त्यावरूनच बांधली आहेत.

पण नुसत्या तिकिटांनी भागलं नाही. टायगरची तिकिटांतली किंमत चौपट केली तरी सहा सामन्यांपैकी पाच जर्मन बाजूने मारले. टायगरचं पुढचं चिलखत १०० मिमी, आणि टी-३४ च्या ७६ मिमी तोफेला ते समोरून फोडता येत नाही. सोव्हिएतांनी पकडलेल्या टायगरवर एप्रिल १९४३ मध्ये कुबिन्काच्या चाचणी मैदानावर गोळे मारून पाहिले, तेव्हाही हेच दिसलं होतं. मी आकडे खरे ठेवले आणि सामना एकतर्फी झाला. मग खोटं काय होतं?

ते शोधायला मला तीन आठवडे लागले.

खुर्च्यांचा घोळ

टी-३४ च्या ७६ मिमीवाल्या टरेटमध्ये (तोफेचा वरचा फिरता भाग) माणसं दोन: गोळे भरणारा लोडर आणि कमांडर. कमांडरच नेम धरतो, तोच तोफ डागतो, तोच बाकीच्या टँकना काय करायचं ते सांगतो. दुर्बिणीला डोळा लावला की आजूबाजूला पाहायला कुणी उरत नाही. पँझर ४ मध्ये टरेटमध्ये तिघं. नेम धरणारा गनर वेगळा, आणि कमांडर वर कपोलात (टरेटवरच्या छोट्या घुमटात) बसून फक्त बघतो. चिलखताच्या तक्त्यात हा फरक कुठेच दिसत नाही, पण जर्मन बाजूचं खरं बळ बऱ्याच अंशी या तिसऱ्या माणसात होतं.

आणि आम्ही काय केलं होतं? गाडीमागून दिसणारा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याने टी-३४ चं आंधळेपण एका फटक्यात बरं केलं आणि पँझर ४ चा फायदा पुसून टाकला. दुसरीकडे टायगरचं दुखणंही आम्ही गायब केलं होतं. खरा टायगर ५७ टनांचा. बंद पडला की ओढायला सहसा १८ टनी ओढगाड्या तीन तरी लागायच्या, आणि एका टायगरने दुसऱ्याला ओढू नये असा नियम होता. आमच्यात ड्रायव्हर खाली उतरायचा, हातोडी घेऊन वीस सेकंद ठोकठोक करायचा, की गाडी तयार. म्हणजे चिलखत अस्सल आणि बाकी सगळं जादूचं. अशा खेळात ज्याचं चिलखत जाड तोच जिंकणार, त्यात खेळाडूंचा काय दोष?

तर बदल असे. मागचा कॅमेरा बंद, फक्त आतून दिसेल तेवढंच. लोडर आणि पुढचा मशिनगनवाला संगणकाकडे, कारण दीड तास गोळे भरत बसायला कुणीच तयार नसतं (एक गडी आहे, पण तो अपवाद). ट्रॅक तुटला तर दुरुस्ती शक्य, पण इंजिन गेलं तर टायगर तिथेच, सामना संपेपर्यंत.

आता माणसं मोजा. पँझर ४ चालवायला तीन खेळाडू: ड्रायव्हर, गनर, कमांडर. टी-३४ ला दोन, कारण कमांडर आणि गनर एकच. टी-७० ला तर मुळातच क्रू दोघांचा, आणि त्यात कमांडर स्वतःच गोळाही भरतो. प्रत्येकी बारा खेळाडूंमध्ये जर्मन बाजूला चार टँक होतात आणि सोव्हिएत बाजूला सहा! मी कुठलाही गुणक लावला नाही, कुणाचं चिलखत पातळ केलं नाही. खुर्च्या खऱ्या ठेवल्या आणि संख्येचा फरक आपोआप आला. चार टँक असे की एकजण सतत बघतोय, सहा असे की नेम धरताना सगळे आंधळे. हे कागदावर जुळलेलं पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर पाच सामने झाले. तीन जर्मन, एक सोव्हिएत, एक सर्व्हर पडला म्हणून अर्धवट. तो अर्धवट सामना सोव्हिएत जिंकत होते, असं सोव्हिएत बाजूचं म्हणणं आहे.

टी-७० ची गोष्ट

चौथा सामना सांगण्यासारखा. टी-७० मिळाला की लोक तोंड वाकडं करतात. ४५ मिमी तोफ, पँझर ४ च्या समोर उभं राहणं म्हणजे वेडेपणा. त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात नव्या दोघांच्या वाट्याला तो आला. त्यांनी रेल्वेच्या भरावाआडून गाडी हळूहळू पुढे नेली, इंजिन बंद केलं आणि नुसते ऐकत बसले. पँझर ४ वरच्या चढावर टी-३४ शी झुंजत होता, त्याचा कमांडर पुढे बघत होता. टी-७० चा पहिला गोळा बाजूच्या पातळ आडपत्र्याला लागून वाया गेला. कमांडरने स्वतः दुसरा भरला, सात सेकंद, तेवढ्यात टरेट त्यांच्याकडे वळायला लागलं. दुसरा गोळा मागून इंजिनात. हेडफोनमध्ये जो आरडाओरडा झाला तो अजून कानात आहे. पुढच्या सामन्यात टी-७० साठी हात वर करणारे तिघं निघाले.

गोळ्यांचं वाटप

टी-३४ मध्ये १०० गोळे, टायगरमध्ये ९२. मोकळीक दिली की प्रत्येकजण सगळे चिलखतभेदी भरतो. प्रत्यक्षात टी-३४ च्या साठ्यात स्फोटक गोळेच जास्त असायचे, कारण टँकचं रोजचं काम खंदक, तोफा आणि पायदळ हेच. म्हणून वाटप आता ठरलेलं आहे, बदलता येत नाही. १९४३ मध्ये नव्याने आलेले टंगस्टनच्या गाभ्याचे सबकॅलिबर गोळे दुर्मीळ, ते प्रत्येक टी-३४ ला मोजून चार. चार हा आकडा मी खेळासाठी ठरवलाय, त्यावर वाद घाला, चालेल.

मॅपवर एक भर घातली: २५२.२ टेकडीजवळचा रणगाडाविरोधी खंदक. तो सोव्हिएतांनीच आधी खणलेला, आणि त्या सकाळी त्यांचेच टी-३४ वेगात येऊन त्यात कोसळले. आमच्यात पहिल्याच सामन्यात तीन पडले. मला वाटलं तक्रारी येतील. उलट आता सोव्हिएत बाजूचा एकजण सुरुवातीला पुढे जाऊन पार होण्याची जागा हेरतो.

उरलेलं काम

१८ वा टँक कोअर घ्यायचाय. त्यांच्याकडे मदतीत आलेले ब्रिटिश चर्चिलही होते. 'सोव्हिएत बाजूला ब्रिटिश टँक कसा?' हा प्रश्न आतापासून येतोय. चर्चिलचं मॉडेल अर्धं झालंय. चाकं भयंकर आहेत, एका बाजूला अकरा.

दक्षिणेच्या भागासाठी दास राइखचा तक्ता मांडला आणि त्यात दोन टी-३४ घातले, कारण त्या डिव्हिजनने पकडलेले टी-३४ खरोखरच वापरले होते. काल पहिली चाचणी घेतली. सामना सुरू होऊन दुसरं मिनिट संपायच्या आत आमच्याच पँझर ३ ने त्यातला एक मागून उडवला. गनरने नेम धरलेला, कमांडरने "मार!" म्हटलेलं, सगळं शिस्तीत. आतल्या दोघांनी चॅटवर जे लिहिलं ते इथे देत नाही. टरेटवरचा जर्मन ओळखीचा क्रॉस आज दुप्पट मोठा केलाय, छतावरही एक रंगवलाय. शनिवारी परत बघू.