आवक क्रमांक ३१७

शाळेतलं टपाल उघडायचं काम माझं. पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत क्रमांक टाकून विषय उतरवायचा आणि कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा. १९ वर्षं हेच करतेय, हात आपोआप चालतो. त्या दिवशीही ३१७ टाकला, पतसंस्थेचं नाव लिहिलं, 'विषय : जामीनदाराचे वेतनातून कर्जहप्ता कपात करणेबाबत' इथपर्यंत उतरवलं. आता कुणाची पाळी, म्हणून खाली बघितलं तर माझंच नाव.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी २०२२ मध्ये ५ लाखांचं कर्ज काढलं होतं. दोन जामीनदार, एक गणिताचे सर आणि एक मी. ऑफिसात चहा पिता पिता सह्या केल्या. खरं सांगते, फॉर्म वाचला नाही. दुसऱ्यांचे कागद स्वल्पविरामासकट तपासणारी बाई मी! पुढं चित्रकलेच्या सरांनी बिनपगारी रजा टाकली, मुलाच्या पोल्ट्रीत उतरले आणि मग राजीनामाच दिला. पगार बंद, हप्ता बंद. व्याजासह बाकी ४ लाख ३८ हजार. पत्रात मागणी दरमहा २२ हजारांची, चालू महिन्यापासून.

मला महिन्याला हातात ५१ हजार येतात. घराचा हप्ता १४ हजार ८००, लेकीचं पुण्यातलं होस्टेल वेगळं. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सही करताना मला विचारलं होतंस?" मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या भावाला जामीन राहताना मला विचारलं होतं?" विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी डोकं जरा थंड झाल्यावर ते पत्र पुन्हा काढलं, या वेळी कारकुनाच्या नजरेनं. तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' असं लिहिलेलं, पण सोबत काहीच नव्हतं.

सहकार कायद्याचं कलम ४९ आमच्या ऑफिसला तोंडपाठ आहे, कारण निम्म्या स्टाफची सोसायटीची कपात त्यावरच चालते. सभासदानं संस्थेला करारनामा लिहून द्यायचा, की माझ्या पगारातून एवढी रक्कम, अशा हप्त्यांनी, मालकानं कापावी. त्याची साक्षांकित प्रत संस्थेनं मालकाकडे पाठवायची. मालकानं कापलं नाही तर ती जबाबदारी मालकावर येते, म्हणून मुख्याध्यापक अशा पत्रांना घाबरतात आणि मागतील तेवढं कापून मोकळे होतात. इतरांच्या वेळी मीही हेच केलंय. प्रत आली का, हप्ता किती लिहिलाय, कधी पाहिलं नाही. माझ्यावर आलं तेव्हा पाहिलं, हे कबूल करते.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, उत्तराचा मसुदा तुम्हीच करा." माझ्याच कपातीविषयी पत्र, मसुदा माझा, सही त्यांची. 'करारनाम्याची प्रत प्राप्त झालेली नाही, ती सत्वर पाठवावी.' जावक क्रमांकही मीच टाकला.

बारा दिवसांनी प्रत आली. सही माझीच होती, नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण हप्त्याच्या रकान्यात ११ हजार ४०० लिहिलेलं, म्हणजे सरांचा मूळ हप्ता. मग हे २२ हजार कुठून आले? संस्थेचे व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "थकबाकी लवकर भरून यावी म्हणून." आणि वर, नाहीतर आम्ही एकशे एकला जाऊ.

एकशे एक म्हणजे कलम १०१ चा वसुली दाखला. तो निघाला की वसुली अधिकारी पगारावर जप्ती आणू शकतो. दाखल्याला आव्हान द्यायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ऐकून पोटात गोळा आला. कराडला एका वकिलांकडे गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. पगाराची जप्ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० च्या मर्यादेत राहते. पहिले १ हजार सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांशही सोडायचे. माझा एकूण पगार ५८ हजार. त्यातून हजार गेले, ५७ राहिले, त्याचा तिसरा हिस्सा १९ हजार. आणि एकाच वसुलीसाठी अशी जप्ती एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. म्हणजे संस्था साध्या पत्रावर मागत होती ते जप्तीतसुद्धा मिळालं नसतं! मात्र वकिलांनी लगेच बजावलं, की ही मर्यादा जप्तीची आहे, तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या कपातीची नाही, तिथं करारनाम्यातला हप्ताच धरून बसा.

ते आकडे घालून अर्ज दिला. संस्था ११ हजार ४०० वर आली. दंडव्याज माफीचा अर्ज अजून संचालक मंडळापुढे आहे. सगळं फेडायला चार वर्षं आणि वर दोन महिने लागतील, मी हिशोब केलाय.

दोन जामीनदार असताना माझ्याच मागं का लागले, हाही प्रश्न विचारला होता. गणिताचे सर निवृत्त झालेत आणि पेन्शनवर जप्ती येत नाही. संस्थेला दोघांपैकी कुणाकडूनही सगळं वसूल करता येतं, तेव्हा जिथं चालू पगार तिथं ती जाणार. आपसात मात्र जामीनदारांचा वाटा निम्मा-निम्मा. सरांना हे मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं. पाच तारखेला ते सायकलवरून येतात, पाकिटात ४ हजार असतात. निम्मे होत नाहीत. मी मोजत नाही, तेही बसत नाहीत.

चित्रकलेच्या सरांचा फोन लागतो. "मॅडम, पुढची बॅच निघू द्या." तीन बॅचेस निघाल्या.

पगारबिल करताना सोसायटीच्या रकान्यात माझ्या नावापुढं ११४०० टाकते तेव्हा बोट जरा अडखळतं, एवढंच. कराराच्या कायद्यानं जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागता येतात, पण भरल्याचा पुरावा हवा. म्हणून दर महिन्याला संस्थेत जाऊन पावती घेते. गेल्या महिन्यात कॅशियरनं 'भरणाऱ्याचे नाव' इथं सवयीनं चित्रकलेच्या सरांचं नाव लिहिलं. मी पावती परत सरकवली. तो म्हणाला, "खातं त्यांचंच आहे ना, मॅडम?" म्हटलं, खातं त्यांचं, पगार माझा. नाव खोडून माझं लिहून घेतलं, खाडाखोडीवर सही घेतली आणि शिक्काही मारून घेतला.