एका पातेल्यातला गुलाश आणि पाण्याचा हिशेब

मंगळवार, रात्री उशिरा

एकाच भांड्यात होणारा पदार्थ म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं एकदम ढकललं, झाकण ठेवलं की आपण मोकळे. मला हे कधीच पटलेलं नाही. आज अमेरिकन गुलाश केला, म्हणजे खिमा, टोमॅटो आणि मकारोनीचा दाट रस्सा, आणि भांडी घासताना (एकच होतं, तेवढं खरं) तेच डोक्यात घोळत होतं. भांडं एक असलं की उलट जास्त विचार करावा लागतो. मकारोनी वेगळी उकडायची असेल तर पाणी हवं तितकं घ्या, उरलेलं चाळणीतून सिंकमध्ये जातं. इथे ओतून द्यायची सोयच नाही. पातेल्यात जे गेलं ते ताटात येणार. त्यामुळे पाणी किती, हे मकारोनी पडायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं.

पण पाण्याच्या आधी खिमा.

गोमांसाचा खिमा १ पौंड घेतला, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पाकिटावर ८५/१५ असतं तो: ८५ टक्के मांस, १५ टक्के चरबी. ८०/२० वाला घेतला तर वर तेलाचा तवंग येतो आणि तो डावाने काढत बसावं लागतं. ९३ टक्केवाला आरोग्याच्या नावाखाली आणला तर शिजून कोरडा भुगा होतो. ८५ मध्ये कांदा परतण्यापुरती चरबी सुटते, वेगळं तेल जेमतेम चमचाभर लागतं.

जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवलं, खिमा टाकला, उलथन्याने दाबून थापला आणि हात मागे घेतला. यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, काही न करणं. हात शिवशिवतात. पण खिमा सारखा हलवत राहिलं की तो पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात उकडून निघतो. रंग करडा, वास उकडलेल्या मांसाचा. पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि मांस खमंग व्हायला त्याहून बरंच जास्त, १४० च्या आसपास तरी लागतं. लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात उष्णतेने होणारी ही प्रक्रिया मांडली. तिला आजही त्याचंच नाव आहे.

मला ती कानानं कळते. सुरुवातीला पातेल्यातून बुडबुड येते, ओली, जड. मग पाणी आटत जातं आणि आवाज बारीक, कोरडा, चुरचुरता होतो. तो बदलला की अजून एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग कडेनं उलथनं सरकवून बघायचं. आज खालची बाजू भाकरीच्या पापुद्र्यासारखी डागाळलेली, तांबूस निघाली. वरचा अर्धा अजून गुलाबीच होता. तो तसाच फोडून परतला. सगळा खिमा तांबूस करायच्या नादात तो चिवट होतो. अर्ध्याचा खमंगपणा पूर्ण पातेल्याला पुरतो.

गुलाबी राहिलेल्याची काळजी नाही, पुढे तो चांगला अर्धा तास रश्श्यात शिजणार असतो. खिमा मात्र अर्धाकच्चा खाऊ नये. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने खिम्यासाठी १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस सांगितलंय, आणि स्टेकला १४५ फॅरनहाइट पुरतं म्हटलंय.

मग त्याच चरबीत एक मोठा कांदा, बारीक चिरलेला. कांद्याला मीठ लावलं की तो पाणी सोडतो, आणि तळाशी धरलेला तपकिरी थर त्या पाण्याने आपोआप सुटतो. लाकडी उलथन्याने खरवडून घ्यायचा. हा थर बघून लेक म्हणाली, “आई, करपलंय गं ते.” करपलेलं नव्हतं. काळं असतं आणि नाकाला झोंबलं असतं तर मीच फेकून दिलं असतं. तपकिरी आहे तोवर ती चव आहे. कांद्यानंतर एक ढोबळी मिरची, चार पाकळ्या लसूण.

आता पॅप्रिका, म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड. इथे मी गॅस बारीक करते, कधीकधी बंदच. पॅप्रिकात साखर भरपूर, ती बघता बघता जळते आणि कडू होते. पण तेलात तर ती पडायलाच हवी, कारण तिचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. सरळ रश्श्यात भुरभुरली तर रस्सा फिका राहतो आणि पूड वर तरंगते. म्हणून मंद आचेवर, चरबीत, मोजून अर्धा मिनिट, आणि लगेच टोमॅटो. एक मोठा चमचा भरून घातली. चिमूटभर घालणाऱ्यांनी ती घातली नाही तरी चालेल. मी गोडी पॅप्रिका घेते. धुरावलेली स्पॅनिश पॅप्रिका चांगलीच असते, पण ती पडली की सगळ्याला तिचाच वास येतो आणि टोमॅटो मागे पडतो.

गुलाश हंगेरीचा, तिथल्या गुराख्यांचा. उघड्यावर, जाळावर टांगलेल्या कढईत मांसाचे तुकडे, कांदा, पॅप्रिका, कॅरावेचे जिऱ्यासारखे दाणे, आणि तो पातळच असतो, सूपसारखा. खिमा, मकारोनी आणि चेडर चीज यांचा त्याच्याशी संबंध नाही, असं म्हणत नाक मुरडणारे खूप भेटतात. खिम्यापुरतं बरोबर आहे. पण हंगेरियन गुलाशमध्येही चिपेत्के घालतात, मैदा आणि अंड्याच्या घट्ट पिठाचे चिमटीने तोडलेले बारीक गोळे, आणि ते त्याच रश्श्यात शिजतात. म्हणजे रश्श्यात कणकेचं काहीतरी शिजवण्याची कल्पना अमेरिकेने शोधलेली नाही. आणि मिरची, टोमॅटो दोन्ही मुळात अमेरिका खंडातलेच. कोलंबसनंतर मिरची युरोपात गेली, हंगेरीत पॅप्रिका झाली, आणि स्थलांतरितांबरोबर परत आली. शुद्धतेचा वाद नक्की कुठल्या फेरीपासून सुरू करायचा?

हंगेरीच्या सेगेद शहराची पॅप्रिका प्रसिद्ध. तिथेच अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञांना क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवायचं होतं आणि कशातून मिळेल ते सापडत नव्हतं. त्यांनीच नंतर सांगितलेली गोष्ट अशी की, एका रात्री बायकोने जेवणात ताजी पॅप्रिका, म्हणजे पूड न केलेली मिरची वाढली, ती खायची इच्छा नव्हती, म्हणून ती उचलून ते प्रयोगशाळेत गेले. मिरचीत जीवनसत्त्व ठासून भरलेलं निघालं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. पानात टाकायची सबब म्हणून ही मला फार आवडते. लेकीला सांगितली नाही, उद्यापासून ती ढोबळी मिरची वेचून काढेल आणि संशोधन म्हणेल.

टोमॅटोचा डबा निवडताना एक बघावं. फोडी केलेल्या टोमॅटोच्या डब्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं, मागे लेबलवर लिहिलेलं असतं. त्याने फोडी कडक राहतात. तासभर उकळा, चौकोन ते चौकोनच. म्हणून मला रश्श्यासाठी ठेचलेला टोमॅटो बरा वाटतो. आज एक डबा टोमॅटो सॉस, १५ औंसांचा, आणि एक डबा ठेचलेला, तेवढाच. एक तमालपत्र. वुस्टरशायर सॉस एक मोठा चमचा. त्यात अँचोव्ही मासे आणि चिंच असते, त्यामुळे टोमॅटोच्या आंबटपणाला वेगळी धार येते आणि मांसाची चव वर येते. मीठ या टप्प्याला घालत नाही. डब्यांत असतं, स्टॉकमध्ये (मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्यात) असतं, सॉसमध्ये असतं. शेवटी चाखून.

आणि आता पाणी. मकारोनी दोन कप, म्हणजे साधारण ८ औंस, २२५ ग्रॅम. शिजल्यावर तिचं वजन दुपटीच्या वर जातं. याचा अर्थ पाव लिटरहून जास्त पाणी ती एकटी पिणार. काही वाफ होऊन जाणार, आणि शेवटी पातेल्यात रस्सा उरायला हवा. डब्यांतल्या टोमॅटोत पाणी असतंच, पण ते दाट असतं. म्हणून दोन कप गोमांसाचा स्टॉक, जवळपास पावणेपाचशे मिलिलिटर, आणि शेगडीशेजारी कपभर गरम पाणी हाताशी. कमी पडलं तर घालता येतं; जास्त झालं तर मकारोनीचा लगदा होईपर्यंत आटवत बसण्याशिवाय उपाय नाही. म्हणून कमीकडे झुकावं.

मकारोनी रस्सा खळखळून उकळल्यावरच घालावी. कोमट रश्श्यात पडली तर बाहेरून चिकट होते आणि एकमेकींना धरून बसते. पाकिटावर ७-८ मिनिटं लिहिलेली असतात, ती साध्या पाण्यासाठी. टोमॅटोच्या आंबटपणात ती हळू शिजते. आज पंधराला आली. नवरा दहाव्या मिनिटाला ताट घेऊन उभा होता. “झालं असेल ना आता?” एक मकारोनी दाताखाली धरून दाखवली. मधोमध पांढरी कणी. गेला परत.

झाकण अर्धवट, आच मध्यमहून कमी, आणि दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळणं. हे चुकवून चालत नाही, कारण मकारोनीतला स्टार्च आता रश्श्यात उतरत असतो आणि दाट रस्सा तळाला लागतो. वेगळी उकडली असती तर हाच स्टार्च पांढुरक्या पाण्यातून नाल्यात गेला असता. एका पातेल्याचा खरा फायदा मला हा वाटतो. एक भांडं कमी घासावं लागतं हे ठीक आहे, पण मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, क्रीम नाही आणि रस्सा मकारोनीला धरून राहतो, हे दोन भांड्यांत होत नाही.

झालं कधी, ते चमच्याने कळतं. तळाशी चमचा ओढला की मागे वाट पडते. वाट लगेच बुजली तर अजून पातळ आहे. बुजलीच नाही तर उशीर झाला, हाताशीचं पाणी घाला. सावकाश, कडेकडेने बुजत आली की गॅस बंद. मकारोनी अजून किंचित टणकच असावी. झाकण ठेवून दहा मिनिटं मुरली की तिचं तिचं होतं.

लेकीने झाकण उघडून बघितलं. “यात पाणीच पाणी आहे आई.” दहा मिनिटांनी तिनेच दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चेडर किसून घातलं, आच बंद झाल्यावर. उकळत्या रश्श्यात घातलं तर त्याच्या दोऱ्या होतात आणि तूप सुटल्यासारखं तेल वर येतं. मीठ शेवटी अर्धा चमचासुद्धा लागलं नाही.

बुधवार, दुपारी

रात्रीचं उरलेलं बाहेर काढलं तर चमचा उभा राहील इतकं घट्ट. अपेक्षितच. फ्रिजमध्येही मकारोनी पाणी पीत राहते. काल जेवणं झाल्या झाल्या उथळ डब्यात काढून ठेवलं होतं. पातेलंच्या पातेलं फ्रिजमध्ये ढकललं की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि खिम्याच्या पदार्थाला ते बरं नाही. असं ठेवलेलं तीन-चार दिवस टिकतं. अर्धा कप स्टॉक घालून मंद आचेवर सैल केलं. मकारोनी कालच्याहून मऊ, पण रश्श्याची चव चांगली मुरलेली. आज लाल रंगही जास्त उतरलाय.

शेजारच्या आजींना एक वाडगा नेऊन दिला. त्या ओहायोतल्याच, जन्मापासून. त्यांच्या मते हे अर्धवट आहे, ओव्हनमध्ये गेल्याशिवाय पुरं होत नाही. त्यांच्याकडे याच सामानाचं जॉनी मार्झेटी करतात, कोलंबस शहराचा पदार्थ, वर चीजचा जाड थर देऊन भाजलेला. त्यांचे यजमान न्यू इंग्लंडचे होते, ते म्हणे शेवटपर्यंत याला अमेरिकन चॉप सुई म्हणत राहिले आणि या भाजतात म्हणून कुरकुरत राहिले. चॉप सुईचा चिनी पदार्थ म्हणून जो काही बोलबाला आहे त्याच्याशी याचं काही देणंघेणं नाही. आजींनी वाडगा परत करताना पॅप्रिका किती घातली ते विचारलं. एक मोठा चमचा म्हटल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या पाव चहाचा चमचा घालतात, रंगापुरती.

ओव्हनचं मला पूर्ण पटलं नाही. आधीच मऊ झालेली मकारोनी अजून अर्धा तास भाजली की तिच्यात काही उरत नाही. भाजायचंच असेल तर ती निम्मीच शिजवायला हवी आणि रस्सा बराच पातळ ठेवायला हवा, म्हणजे पाण्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या रविवारी करून बघेन.

त्याआधी गोठवण्याचं. मकारोनीसकट गोठवलेलं वितळल्यावर पिठूळ लागतं. त्यामुळे पुढच्या वेळी खिमा आणि टोमॅटो दुप्पट घ्यायचे, स्टॉक आणि मकारोनी पडायच्या आधी अर्धा ऐवज डब्यात काढून फ्रीझरमध्ये टाकायचा, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून लिहायचं: दोन कप स्टॉक, दोन कप मकारोनी. मी घरी नसले तरी नवऱ्याला तेवढं वाचता येतं.