उतारावरचा बिननांगरटीचा मका : तिसरा पावसाळा

मंडळी, भोरच्या पश्चिमेला डोंगरउतारावर आमचा पाच गुंठ्यांचा तुकडा आहे. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची. सलग तिसऱ्या वर्षी नांगर न लावता मका केलाय.

कल्पना नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीवरून घेतली. गादीवाफे एकदाच करायचे आणि पीक कापताना मुळं जमिनीतच ठेवायची. त्या पद्धतीत तणनाशक वापरतात. मी तण विळ्यानं कापून जागीच आडवं टाकतो. पाच गुंठ्यांना हे जमतं, पाच एकरांना नाही जमायचं.

टोकण १७ जूनला झाली. वाफे उताराला आडवे, ओळींत ६० सेंमी, रोपांत २०. बी जुन्या धसकटांच्या (कापल्यावर मुळांसकट उरलेल्या बुडख्यांच्या) ओळी सोडून मधल्या पट्ट्यात, दोन पेरं खोल.

पहिल्या वर्षी फसलो होतो ते नत्रात. वाळलेली ताटं भरपूर पसरली आणि महिन्याभरात रोपं पिवळी पडली. कडबा कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःसाठी ओढतात, पिकाला ते उशिरा मिळतं. म्हणून यंदा युरियाचा पहिला हप्ता आच्छादनावर न फेकता टोकणीच्या वेळीच बियापासून चार बोटं लांब मातीत गाडला. पानं हिरवीगार आहेत!

जुलैच्या मोठ्या पावसानंतर गेल्या वर्षीचं एक धसकट उपटून पाहिलं. हाताला भिजल्या सुतळीसारखं लागलं, अलगद निघालं. खाली बोटभर पोकळी, तिच्या कडेनं गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. त्यात तांब्याभर पाणी ओतलं, बघता बघता मुरलं. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. शेजारच्या काकांच्या नांगरलेल्या रानातून त्या दिवशी तांबडंलाल पाणी वाहत होतं, आमच्या बांधावरून जवळजवळ निवळ. काका बराच वेळ बघत उभे होते. पुढच्या वर्षी एक पट्टी तशी ठेवतो म्हणाले.

लष्करी अळी आहेच. २०१८ला देशात आली ती मुक्कामालाच. रोज सकाळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, डोकावतो. ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की अळी हातानं काढतो, आणि दोनदा निंबोळी अर्क मारला.

आता तुरे आलेत, कणसांना रेशमी केस फुटलेत. कणसं काढली की ताटं जमिनीलगत कापून तिथेच आडवी पाडणार आणि ओल आहे तोवर त्यांच्या मधोमध वाल टोकणार. बी काढून ठेवलंय.