ऊन की ढग?

दुपारी चहा टाकायला उठले तर बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर! नर, ऐन विणीच्या पिसाऱ्यातला. सावलीत हा निव्वळ काळा. मान वळवून उन्हात आला की जांभळा, मग निळा, मग क्षणभर हिरवट. ती झळाळी रंगाची नसते, पिसांच्या बांधणीवरून उसळणाऱ्या उजेडाची असते, हे ठाऊक असूनही मी दर वेळी फसते.

गॅस बंद केला, कॅमेरा आणला. पण कॅमेरा अजून रविवारातच होता. पुण्याजवळच्या कवडीपाटला उडत्या ब्राह्मणी बदकांसाठी लावलेलं सेकंदाच्या १/२५०० चं शटर तसंच राहिलेलं. जास्वंदीखालच्या सावलीत एवढ्या घाईला उजेड कुठून पुरणार? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, आपला आपण १२८०० वर चढला आणि फोटोभर दाणे येऊन शिंजिराचा रव्याचा सांजा झाला. मग शहाणपणा करून १/२५० वर आणलं, तर साहेब नेमके फुलासमोर हवेत तरंगायला लागले. त्या फोटोत चोच आहे, फूल आहे, पंखांच्या जागी धूर आहे. तिसऱ्यांदा १/१२५० जमवलं तोवर नुसती फांदी हलत होती. हलती फांदी मात्र काय सुरेख आली म्हणून सांगू.

माझं हे नेहमीचंच. सेटिंग कायम आधीच्या पक्ष्याचं. कवडीपाटला शेजारी तोफेएवढी लेन्स घेऊन बसलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, मॅन्युअलला ठेवा, आयएसओ ऑटोला टाका, निम्मा त्रास जातो." टाकला. निम्मा गेलाही. उरलेला निम्मा म्हणजे मीच.

आईला यातलं काही पटत नाही. भारद्वाज दिसला असं सांगितलं की ती हात जोडते. मी म्हणते, अगं, फोटोत फक्त शेपटी आलीय. "दिसला ना? मग झालं."

आमच्या लहानपणी सेटिंग दोनच होती. बाबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग (ढगावर ठेवलं की उजेड जास्त आत यायचा), संपलं. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे बाबा खटका दाबण्याआधी असे श्वास रोखून उभे राहायचे, जणू समोरच्यांचं लग्नच लावतायत. ऊन की ढग हे ठरवायचं काम माझं. "बघ गं!" म्हणाले की मी रांगेतून बाहेर पळायची, कपाळावर आडवा हात धरून आभाळ बघायची आणि मोठ्यांदा निकाल द्यायची. तेवढा अधिकार मला त्यानंतर कुठल्याही ऑफिसात मिळाला नाही.

वाईला कृष्णेच्या घाटावर एकदा पायरीशी बगळा उभा होता. बाबांनी आत्याला "जरा सरक" म्हणून बाजूला केलं आणि बारातला एक फोटो त्या बगळ्यासाठी काढला. एक अख्खा फोटो, तोही पाखरावर! आत्या परत पुण्याला येईपर्यंत फुगून बसली होती. मी ओरडले होते, "ढग!" कारण मी बघितलं तेव्हा होताच. बाबांचा श्वास रोखून होईपर्यंत ऊन लख्ख पडलं. मला ते दिसलं. मी बोलले नाही.

आता कळतं की उन्हातला बगळा म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच. मागे गडद पाणी असलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं दृश्य उजळायला जातो आणि पांढरं जळून जातं. म्हणून बगळ्याला मी एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एकवर आणते, काळ्या कोतवाल पक्ष्याला अधिक एकवर. एवढी दोन गणितं मला न चुकता येतात. पिसन् पीस दिसतं.

वाईचा तो फोटो अल्बममध्ये आहे. घाट, पाणी, काठाला आत्याची कोपरापर्यंतची बांगड्या भरलेली बाही, आणि मधे एक पांढरा डाग. मागे बाबांच्या अक्षरात लिहिलंय : "वाई. बगळा." कुणी आलं की आई अजून अल्बम काढते, डागावर बोट ठेवून म्हणते, "हा बघा, किती छान आलाय." पाहुणे चष्मा सावरतात आणि हो म्हणतात.

मीही म्हणते.