उंच केलेल्या थारची मागची बाजू का सरकत होती

थारला दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) बसवल्यावर डोंगरात गाडी छान चालत होती. तक्रार सुरू झाली ती डांबरी रस्त्यावर. ८०च्या वेगात पुलाचा सांधा लागला की मागची बाजू क्षणभर बाजूला सरकायची आणि स्टिअरिंगला हात न लावता गाडी आपल्याच मनाने दिशा बदलतेय असं वाटायचं. वळणात हे जास्त व्हायचं, आणि डाव्या वळणात वेगळं, उजव्यात वेगळं. हा डावा-उजवा फरक मला सोडवेना. नुसती टायरची हवा किंवा दमलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असते, तर बहुधा दोन्हीकडे सारखंच जाणवलं असतं.

हवा तपासली, ठीक होती. अलाइनमेंटवाल्याने पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघून पावती फाडली. मागचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, मागे हाउसिंग आहे, तिथे काय सेट करणार?" सेट करता येत नाही हे खरं, पण मोजता तर येतं!

२०२०च्या थारला मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा भाग; अलाइनमेंटवाल्याचं 'हाउसिंग' ते हेच), कॉइल स्प्रिंग आणि पाच दांडे आहेत. चार दांडे अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरतात. पाचवा आडवा, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला, आणि अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देण्याची जबाबदारी त्याच्यावर. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरपा होतो आणि अ‍ॅक्सल चासीकडच्या टोकाच्या दिशेने ओढला जातो. शिवाय चाक वर-खाली होताना अ‍ॅक्सल थोडा आडवाही सरकतो. रॉड जितका तिरपा, तितका जास्त. डाव्या-उजव्या वळणातला फरक इथूनच येत असणार, हा माझा अंदाज.

सपाट फरशीवर गाडी लावली आणि दोन्ही बाजूंनी चासीवरून ओळंबा सोडून रिमपर्यंतचं अंतर मोजलं. फरक ९ मिमी, म्हणजे अ‍ॅक्सल त्याच्या निम्मा, साडेचार मिमी सरकलेला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं, म्हणजे अ‍ॅक्सल तिरका नव्हता. पण साडेचार मिमीने गाडी अशी वागत नाही. आणखी काहीतरी होतं.

मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवून, टॉमी (लोखंडी पहार) घालून दांड्यांच्या टोकांचे सगळे बुश (रबर बसवलेले सांधे) हलवून पाहिले होते. काहीच सापडलं नव्हतं. रॅम्पवर चाकं लोंबकळतात, रॉडवर चालतानाचा भारच नसतो. म्हणून गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, चाकं जमिनीवर. मित्राने मागून बॉडी डावी-उजवी हलवत ठेवली आणि मी खालून पॅनहार्ड रॉडच्या टोकावर बोट ठेवलं. बॉडी आधी हलत होती, रॉड किंचित उशिराने. चासीकडच्या बुशातली लोखंडी नळी रबरापासून सुटली होती.

कारण मिस्त्रींनीच सांगितलं. या बुशात रबर नळीला चिकटवलेलं असतं; ते फिरत नाही, नुसतं पिळतं. लिफ्टचं किट बसवणाऱ्याने चाकं लोंबत असतानाच बोल्ट आवळले होते. गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहिलं आणि शेवटी फाटलं. बाकीच्या चार दांड्यांचे बोल्टही तसेच आवळलेले निघाले.

नवा बुश, लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड, आणि मग सगळे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) परत आवळले. अ‍ॅक्सल मध्यावर आला आणि सांध्यांवरचं सरकणं गेलं. तिरपेपणा मात्र तसाच आहे, कारण रॉडची लांबी बदलून कोन जात नाही. त्यासाठी चासीकडचं टोक खाली आणणारा ब्रॅकेट लागतो, आणि तो जाड पत्र्याचा, नीट टेकू दिलेला मिळाला तरच बसवायचा असं ठरवलंय. तोपर्यंत बोल्टच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, सैल झाला तर लगेच दिसेल.